डिझाइन कापून टेबलात बसवायचा सल्ला आता तरी बंद करा

रानवाट (धागाकर्ता)
काल इथे एकाने नवशिक्यांना सांगितलं की सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) नादी लागू नका; फोटोशॉपमध्ये डिझाइन करा, स्लाइस टूलने कापा, एक्स्पोर्ट मारा, चित्राचे तुकडे बसवणारं टेबल (ओळी-रकान्यांची चौकट) आपोआप तयार, आणि पान सगळीकडे तंतोतंत सारखं दिसतं. खाली चार जणांनी आभारही मानले. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९९९ मध्ये हा सल्ला चालून गेला असता. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये आली खरी, पण नेटस्केप ४ या तेव्हाच्या ब्राउझरमध्ये खिडकी लहानमोठी केली तरी स्टाइल गायब व्हायची. तेव्हा फोटोशॉप ५.५ बरोबर आलेलं इमेजरेडी हे चित्र कापायचं सॉफ्टवेअर, टेबल आणि मोकळी जागा राखायला एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक जिफ चित्र, यावरच सगळ्यांचं भागायचं. पण वायर्ड न्यूज या साइटने २००२ मध्येच आपली मांडणी सीएसएसवर नेली. २००३ मध्ये सीएसएस झेन गार्डन या प्रात्यक्षिक साइटने एचटीएमएलला (पानाच्या मजकुराच्या सांगाड्याला) हात न लावता, फक्त स्टाइलशीट (सीएसएसची फाइल) बदलून, पानाची कितीतरी रूपं दाखवली. त्याला दोन दशकं उलटली.

एका पतसंस्थेची साइट माझ्याकडे आली होती. ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता म्हणजे चित्राचे तुकडे. मूळ पीएसडी (फोटोशॉपची फाइल) आधीच्या डिझायनरकडे, आणि तो फोन उचलेना. मधल्या काळात कुणीतरी एका तुकड्यावर नवा आकडा चिकटवला होता, भलत्याच फॉन्टमध्ये, मागचा रंगही जरा गडद. मुख्य पानावर नवा दर, आतल्या पानावर जुना. ठेवीदार काउंटरवर भांडायला येत होते. स्टाइलशीट असती तर तक्त्याचं रूप एकाच फाइलमध्ये राहिलं असतं आणि आकडा कुणी कारकुनानेही बदलला असता.

टिंबटिंब
पूर्ण असहमत. तुम्ही साइटी करता, मी ईमेलर, म्हणजे जाहिरातीचे मेल, करते. आउटलुक २००७ पासून विंडोजवरचं क्लासिक आउटलुक (नवं आउटलुक नव्हे) मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलंय. फ्लोट (सीएसएसने घटक डावी-उजवीकडे बसवणं) चालत नाही, पार्श्वभूमीचं चित्र चालत नाही. क्लायंट मंजूर डिझाइन शेजारी ठेवून मेल बघतो. एक बटण सरकलेलं दिसलं तरी बिल अडकतं. तिथे मी टेबल आणि तुकडेच वापरते, प्रत्येक चित्राला डिस्प्ले ब्लॉक हा सीएसएसचा नियम देते, नाहीतर दोन तुकड्यांच्या मध्ये पांढरी रेघ येते. पोट या कामावर आहे, तत्त्वज्ञानावर नाही.

रानवाट
ती रेघ का येते तेही सांगा की. ब्राउझर चित्राला ओळीतलं अक्षर समजून बेसलाइनवर (अक्षरांच्या तळरेषेवर) बसवतो आणि खाली लोंबणाऱ्या अक्षरांसाठी जागा सोडतो. म्हणजे तुकडे जोडायलाही शेवटी सीएसएसच लागलं. आणि ज्याच्याकडे मेलमधली चित्रं बंद असतात, त्याला तुमच्या मंजूर डिझाइनऐवजी रिकामे चौकोन दिसतात.

गवतीचहा
तुम्ही दोघंही इंग्रजी पानांचंच बोलताय. मराठीत चित्र हौसेने आलं नाही. विंडोज ९८ वर युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण सांकेतिकीकरणातली) देवनागरी धड दिसत नव्हती. दैनिकांच्या साइटी आपापला फॉन्ट उतरवायला लावायच्या, आणि तो नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा. सायबर कॅफेत कोण फॉन्ट टाकू देणार? शीर्षक चित्रात असलं तरच वाचता यायचं. आजही वेबफॉन्टची, म्हणजे पानासोबत उतरणाऱ्या फॉन्टची, फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा बरीच जड असते. खेड्यातल्या फोनवर ती उतरेपर्यंत माणूस निघून जातो.

आंबोळी
विंडोज ९८ कधीच गेलं. आता मुक्त, बलू, हिंद, नोटो हे देवनागरी फॉन्ट सगळे फुकट आहेत. फॉन्ट एकदा उतरला की सगळ्या पानांना पुरतो. चित्र मात्र दर शीर्षकाला नवं. तरी निविदा जेपीजीत, शाळेची सूचना जेपीजीत!

माझा भाऊ दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. एका साइटवर कापलेल्या बटणांचा मेनू होता, ऑल्ट (चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर) कुठेच नाही. त्याला तुकड्यांच्या फाइलींची नावं ऐकू येत होती: "इंडेक्स अंडरस्कोर झिरो थ्री, लिंक. इंडेक्स अंडरस्कोर झिरो फोर, लिंक." प्रवेशअर्ज यातल्या कुठल्या बटणामागे आहे ते त्याने कसं ओळखायचं?

गवतीचहा
भावाला मध्ये आणलंत की समोरच्याने गप्पच बसायचं का? ऑल्ट न देणं हा आळस आहे, चित्राचा दोष नाही.

आंबोळी
भाऊ मध्ये येणारच, पान त्याच्यासाठीही आहे. आणि चित्रातली मराठी तरी धड असते का? फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला नाही, तर 'वार्षिक'मधला रफार सुटतो आणि वेलांटी 'ष'च्या पुढे जाऊन बसते. वार्षिक सभेच्या अशा बॅनरवर अध्यक्षांचा फोटो झळकताना पाहिलाय मी. ती चूक सुधारायला पुन्हा पीएसडी शोधा. गूगलला त्या सभेतलं अक्षरही सापडत नाही ते वेगळंच.

खडूफळा
फोनचा मुद्दा राहिला. ९६० पिक्सेलचा कापलेला तक्ता हातातल्या पडद्यावर आकसला की आकडे मुंगीएवढे होतात. रिस्पॉन्सिव्ह (पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या) मांडणीची कल्पना ईथन मार्कोटने २०१० मध्ये मांडली, २०१७ पासून ब्राउझरांत ग्रिड ही सीएसएसची मांडणीपद्धत आहे. तंतोतंत सारखं दिसायला आता सगळ्यांचे पडदे तरी सारखे आहेत का?

टिंबटिंब
साइटींसाठी ठीक आहे, मान्य, तिथे मी भांडत नाही. मेलमध्येही दर, तारखा आणि अटी खऱ्या मजकुरात ठेवता येतात, तेवढं करेन. पण टेबल सोडणार नाही, आणि सुलेखनातलं शीर्षक चित्रच राहील. आउटलुकमध्ये ते सरकलं तर शिव्या मी खाते, तुम्ही नाही.

गवतीचहा
मजकूर फोनमधल्याच फॉन्टमध्ये ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. वेबफॉन्ट लादू नका.

आंबोळी
शीर्षकाच्या ऑल्टमध्ये 'बॅनर' लिहू नका, शीर्षकातले सगळे शब्द लिहा.