नव्याने आणलेल्या वासरांतील श्वसनविकार कसा रोखावा? मदत हवी आहे

नमस्कार. वजनवाढीसाठी वेगवेगळ्या बाजारांतून विकत घेतलेली वासरे आमच्या गोठ्यात एकत्र येतात आणि दरवेळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच त्यांच्यात फुप्फुसदाह सुरू होतो. काल सकाळी एक वासरू गव्हाणीपासून दूर, मान खाली घालून आणि कान पाडून उभे होते. नाकातून घट्ट शेंबूड येत होता व ताप ४०.६ अंश सेल्सिअस भरला. उपचार लगेच सुरू केले, तरी असे वासरू बरे झाले तरी मागेच राहते, याचे फार वाईट वाटते.

दूध नुकतेच तुटलेले, प्रवासाचा शीण आणि अनोळखी जनावरांची सरमिसळ यांमुळे प्रतिकारशक्ती खालावते, विषाणू श्वासनलिकेला इजा करतात आणि एरवी नाकाघशात निमूट राहणारे मॅनहायमिया, पाश्चुरेला यांसारखे जिवाणू फुप्फुसात उतरतात, एवढे समजते. म्हणून आल्याबरोबर स्वच्छ पाणी, वाळलेला चारा, कोरडी बैठक आणि विश्रांती देतो; धूळही बसवतो.

माझी मुख्य अडचण लसीकरणाची आहे. थकलेल्या वासरांना पोहोचताक्षणी जिवंत विषाणूंची लस द्यावी, की ती खाऊ-पिऊ लागेपर्यंत थांबावे? धोका जास्त असलेल्या संपूर्ण गटाला प्रतिजैविक देण्याचा निर्णय आपण पशुवैद्यकांसोबत कोणत्या निकषांवर घेता? सरसकट वापर मला पटत नाही. तसेच बीव्हीडी (गुरांतील विषाणूजन्य अतिसार) या रोगाच्या विषाणूचे कायमस्वरूपी वाहक ओळखण्यासाठी कानाच्या तुकड्याची चाचणी कोणी नियमित करते का? कृपया प्रत्यक्ष अनुभव सविस्तर लिहावा.