उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आज्ञा: त्या दिवसापुरत्या की कायमच्या?

प्रश्न:
बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात देव सहा दिवसांत सृष्टी निर्माण करतो; त्याच्या पहिल्या अध्यायात देव बोलल्याचा उल्लेख 10 वेळा येतो. "प्रकाश होवो" म्हटले आणि प्रकाश झाला, इथपर्यंत समजते. पण 11व्या वचनातील आज्ञा थेट भूमीला उद्देशून आहे: तिने हिरवळ, बीज देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडे उपजवावीत. ही आज्ञा तिसऱ्या दिवसापुरती होती, की आजही बी रुजते ते तिच्याच बळावर, असे मानावे?

उत्तर 1:
कायमची मानावी, आणि त्याचा आधार त्याच वचनात आहे. झाडांच्या फळांतच त्यांचे बीज असावे आणि ती आपापल्या जातीप्रमाणे असावीत, असे तिथे म्हटले आहे. आज्ञा केवळ त्या दिवशीच्या हिरवळीपुरती असती, तर पुढच्या पिढीची तजवीज तिच्यातच करून ठेवण्याचे कारण नव्हते. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल यांनी निर्मितीच्या सहा दिवसांवर प्रवचने दिली, त्यांतही हीच भूमिका आहे. त्यांच्या मते ती आज्ञा भूमीसाठी कायमचा निसर्गनियम होऊन राहिली, आणि उतारावर ढकललेला चेंडू सपाटी लागेपर्यंत घरंगळत जातो तशी सृष्टी त्या पहिल्या आज्ञेच्या जोरावर चालत राहते.

उत्तर 2:
बेसिल यांची उपमा मला अपुरी वाटते, कारण एकदा ढकललेल्या चेंडूला ढकलणाऱ्याची गरज उरत नाही. 24व्या वचनात भूमीला पशू उपजवण्याची आज्ञा होते, "तसे झाले" असेही लिहिले आहे, आणि लगेच 25व्या वचनात ते पशू देवाने केले असे येते. भूमीचे काम कुठे संपले आणि देवाचे कुठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी अंतराळाने वरचे आणि खालचे असे विभागलेले पाणी नोहाच्या काळातील जलप्रलयात वरून आणि खालून पुन्हा एकत्र आले. पेरणी व कापणी, थंडी व ऊन, दिवस व रात्र यांचा क्रम पृथ्वी आहे तोवर खंडित होणार नाही, हे देवाचे अभिवचन त्यानंतर, उत्पत्ती 8:22 मध्ये (आठवा अध्याय, 22वे वचन) मिळते.

प्रश्नकर्ता:
मग समुद्राचे काय? तिसऱ्या दिवशी पाण्याला एकत्र होण्यास सांगितले आहे, पण हद्द ओलांडू नये असे तिथे कुठेच म्हटलेले नाही.

उत्तर 1:
ते बायबलमधील ईयोब या पुस्तकाच्या 38व्या अध्यायात आहे. तिथे देव समुद्राला दारे आणि अडसर लावतो व येथवरच ये, पुढे येऊ नको, असे बजावतो. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, 5:22 मध्ये, वाळू हीच समुद्राची सीमा ठरते. लाटा कितीही उसळल्या तरी ती ओलांडत नाहीत, आणि देवाचे लोक मात्र हट्टी व बंडखोर आहेत, अशी तक्रार पुढच्याच वचनात येते. प्रलयाविषयीचा वरील मुद्दा मला मान्य आहे, पण प्रलयातही पाण्याने आपल्या मनाने बंड केलेले नाही. आज्ञा मोडली जाण्याची शक्यता प्रथम उत्पत्ती 2:17 मध्ये, एका झाडाचे फळ खाऊ नको असे माणसाला सांगितले जाते तेव्हा, निर्माण होते.