‘चंद्रकांता’: मालिकेनं ऐयारीचा जादूटोणा करून टाकला

पांदणीवरचा (आर्वी तालुका)

यंदा तूर सोंगून झाली आणि आठ दिवस हाताला काम नव्हतं. देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ घेऊन बसलो. १८८८ सालची हिंदी कादंबरी, चार भाग. चारही संपवले आणि चिडून हा धागा काढतोय.

तोवर माझी चंद्रकांता म्हणजे १९९४ ची, नीरजा गुलेरींची, दूरदर्शनवरची. रविवारची सकाळ, पाटलाच्या ओसरीत ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. लाइन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, हे काम आम्हा मोठ्या पोट्ट्यांचं. बॅटरीवर चित्र कडेनं आक्रसायचं, पण क्रूरसिंहाच्या भुवया तेवढ्यातही दिसायच्या. क्रूरसिंह झालेले अखिलेंद्र मिश्रा ‘यक्कू’ म्हणाले की अख्खी ओसरी ‘यक्कू’.

आता पुस्तकाची सुरुवात पहा. संध्याकाळ, ओसाड मैदान, टेकडीच्या पायथ्याशी दगडावर बसून दोघं बोलतायत. एक नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, दुसरा त्याचा मित्र आणि ऐयार तेजसिंह. बस. ना वीज कडाडत, ना धूर सुटत. पुढं जे होते ते माणसाच्या हातचं. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, थोडा वैद्य, थोडा चोर. बटुव्यात रंग, बेहोशीची पूड आणि शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा. भिंत चढायला कमंद, म्हणजे फासाची दोरी. ओळख पटवायची तर आधी ठरवलेली खूण, नाहीतर शिट्टी. तिलिस्मात, म्हणजे खजिना लपवलेल्या भुलभुलैयात, माणूस गिळणारा बगळा आहे, पण तोही कुण्या कारागिरानं घडवलेला. कळ, यंत्र, औषध, मसाला यांवर सगळा कारभार. म्हणजे डोकं लावलं तर सुटणारा.

मालिकेत काय? शिवदत्त चक्क विषपुरुष! पुस्तकातला चुनारचा हा राजा लोभी आहे, मतलबी आहे, पण आपल्यासारखाच रक्तामांसाचा आहे. जे शिकून, घोकून, हात काळे करून यायचं, ते मालिकेनं मंत्रानं आणलं. माझी तक्रार एवढीच, पण मोठी आहे.

टेंभरुन (दारव्हा)

भाऊ, तुमचं म्हननं वाचलं. पटलं नाही. तुम्ही पुस्तक आत्ता वाचलं आन् मालिका तीस वर्साआधी पाह्यली, तेही बॅटरीवर. मंग तुलना कशाची करून रायले?

आमच्या गावात त्या टायमाले कापूस वेचाले जानाऱ्या बाया रविवारी चंद्रकांता संपल्याबिगर वावरात पाय ठेवत नोहत्या. मालक बोंबलायचा. त्यातल्या किती जनींनं खत्रीसाहेबांचं पुस्तक वाचलं असतं? यकीनं नाही. त्याईले ऐयार हा शब्दच मालिकेनं देला. लेखनही कोन्या ऐऱ्यागैऱ्याचं नोहतं, कमलेश्वर होते. हिंदीतला मोठा कथाकार मानूस. त्याले समजत नसंन का पुस्तकात काय हाय?

आन् क्रूरसिंह! पुस्तकात तो विजयगढच्या दिवानाचा पोरगा. तिथल्या राजकन्येवर, चंद्रकांतेवर, डोळा, म्हनून चुनारले जाऊन शिवदत्ताचे कान भरते, आगीत काडी टाकते आन् मंग खेळ शिवदत्ताच्या हाती जाते. मालिकेतला क्रूरसिंह पाहा. आमच्याकडं अजूनही उधारी वसूल कराले येनाऱ्याले लोक क्रूरसिंगच म्हनतेत. पुस्तकातल्या कोन्या मानसाचं नाव असं गावाच्या तोंडी बसलं?

पांदणीवरचा

टेंभरुनभाऊ, नाव बसलं हे कबूल. पण तोंडी काय बसलं ते पहा: भुवया आणि ‘यक्कू’. तेजसिंहाचं एक तरी कसब कुणाच्या ध्यानात आहे का? लखलखा शब्द आठवतो का ओसरीतल्या एकाला तरी?

झाडीचा नट (वडसा)

मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो, सतरा-अठरा सिझन झाले. दिवाळी झाली की सुरू. मंडई, शंकरपट, जिथं बोलावणं असेल तिथं रात्री पडदा उघडतो, पहाटे पडते. रंगपेटीशी रोजची गाठ, म्हणून लिहितो.

पांदणीवरचे म्हणतात पुस्तकात कसब आहे, जादू नाही. मी पण वाचली आहे. त्यात ऐयार झाडाआड जाते, बटुव्यातून आरसा अन् रंग काढते आणि चार ओळींत दुसराच माणूस होऊन येते. कसा दुसरा? त्याची बायको, त्याचा मालक, कोणीच ओळखत नाही असा! गा भाऊ, मला म्हाताऱ्याची दाढी चढवायला पाऊण तास लागते. स्पिरिट गम लावा, तो चिकट होईस्तोवर थांबा, क्रेपचे केस चिमटीनं एक-एक थर बसवा, मग कात्रीनं कापा. एवढं करून पहिल्या रांगेतलं पोरगं म्हणते, अरे हा तर सकाळी चहा पित होता थोच. आणि पहाटे ती दाढी ओढून काढताना गालाचं कातडं कसं निघते ते माझं मला माहीत. खत्रींच्या ऐयाराचा गाल कधी सोलला नाही.

मग पुस्तकातलं कसब आणि मालिकेतला धूर यात फरक तो काय? एकानं शाईत लपवलं, दुसऱ्यानं कॅमेऱ्यात.

पांदणीवरचा

नटभाऊ, दाढीचं वाचून हसलोही आणि गप्पही झालो. पण फरक आहे. पुस्तकात शंका आली की काय करतात? पाणी मागवतात आणि तोंड धुवायला लावतात. रंग उतरला की पितळ उघडं. म्हणजे ऐयार कितीही पोचलेला असो, तांब्याभर पाण्याला भिऊन असतो. नियम आहे, आणि नियम आहे म्हणून भीती आहे. विषपुरुषाचं तोंड धुऊन काय निघणार?

झाडीचा नट

तांब्याचा मुद्दा मानला. आम्ही पण पहिल्या अंकात घामाला भितो.

वाचनालयवाली बाई (मूर्तिजापूरकडची)

मी गावच्या वाचनालयात बसते. सगळेजण एक गोष्ट विसरताहेत. खत्री स्वतःच मालिकावाले होते.

त्यांच्या प्रकरणांना ‘बयान’ म्हणतात. बहुतेक बयानं चार-पाच पानांची, आणि कडेवर आणून सोडून देणारी. कुणीतरी आलं, दार वाजलं, दिवा विझला, पुढचं पुढच्या वेळी. ‘चंद्रकांता’ खपली म्हणून ‘चंद्रकांता संतति’ आली, तिचे चोवीस भाग. म्हणजे मुलांची कथा आईबापांच्या कथेच्या कितीतरी पट. मग ‘भूतनाथ’ सुरू केली, ती पुरी व्हायच्या आत १९१३ साली ते गेले आणि मुलगा दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पुढं नेली. आता सांगा, मालिका लांबवली म्हणून नाक मुरडायचं तर कुणाच्या नावानं मुरडायचं? हे पुस्तक वाचायला लोक हिंदी शिकले असं सांगतात, ते काही भाषेच्या प्रेमापोटी नव्हे, पुढं काय झालं हे कळेना म्हणून. बाया वेचणीला जात नव्हत्या त्याचंही कारण तेच.

पण मालिकेवर माझा दुसराच राग आहे, आणि त्यावर कुणी बोललं नाही. पुस्तकात एक पाळलेली रीत आहे: ऐयार पकडला तरी त्याला मारायचं नाही, कैदेत ठेवायचं. त्यामुळं काय होतं, की शत्रूचे ऐयार हळूहळू इकडं येतात. बद्रीनाथ, पन्नालाल ही शिवदत्ताची माणसं, पण त्यांना चांगला धनी दिसतो आणि ती वीरेंद्रकडं वळतात. हुन्नर असलेल्या माणसाचा मान शत्रूनंही ठेवायचा, हा त्या जगाचा कणा आहे. मालिकेत बद्रीनाथ झालेला इरफान खान बघा. डोळ्यांनी निम्मं काम करून जातो. पण त्याच्याभोवती इतका गोंगाट, इतकी तलवारबाजी, की ही रीत कुठल्या कुठं हरवते.

पुस्तकाचं सगळंच गोड म्हणत नाही मी. क्रूरसिंहाचे दोन हस्तक ऐयार म्हणजे नाजिम आणि अहमद, आणि त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते आज वाचताना खटकतं. पुस्तकप्रेमी मंडळी ती पानं पटापट उलटतात. चंद्रकांता बराच वेळ रडते. तिची सखी चपला मात्र अस्सल आहे, स्वतः ऐयारी जाणते, वेळ पडली तर एकटी निघते. मला विचाराल तर कादंबरीचं नाव ‘चपला’ हवं होतं.

टेंभरुन

बाई, बयानाचा मुद्दा एक नंबर! म्हंजे खत्रीसाहेब आमच्या पार्टीतले निंगाले.

पांदणीवरचा

लांबवण्यावर मी कुठं बोललो? मी जादूवर बोललो. खत्रींनी काशी नरेशांकडून चकिया आणि नौगढच्या जंगलाचा ठेका घेतला होता. त्या रानात, पडक्या किल्ल्यांत हिंडलेला माणूस. म्हणून त्यांच्या गुहेत ओल आहे, वाट आहे, वाट चुकणं आहे. आपल्याकडं गाविलगड, नरनाळा पाहिलेल्याला ते लगेच कळेल. तिथं पडक्या दारातून आत शिरलं की मंत्रबिंत्र काही लागत नाही, छाती आपोआप धडधडते. मालिकेतली गुहा पुठ्ठ्याची आहे हो.

झाडीचा नट

पुठ्ठ्याला नावं नका ठेवू. आमचा राजवाडा पण पुठ्ठ्याचाच आहे, त्यावर पोट चालते.

हुरडा२००१ (चांदूर रेल्वे)

मी ही जुनी मालिका पाहिलीच नाही, जन्मच नंतरचा. २०१७ मध्ये दोन वाहिन्यांवर दोन चंद्रकांता एकदमच आल्या होत्या, त्यातली एक थोडी पाहिली. त्यांच्यापुढं तुमची १९९४ ची मालिका म्हणजे पुस्तकाशी फार इमानदार म्हणायला पाहिजे. आता पुस्तक वाचायला घेतलंय, दुसऱ्या भागात आहे. कृपा करून वनकन्या कोण ते इथं फोडू नका.

टेंभरुन

सव्वाशे वर्साच्या वर झाले बाप्पा पुस्तकाले! अजून किती दिवस तोंड शिवून ठेवायचं?

वाचनालयवाली बाई

कुणीही फोडणार नाही. हुरडा, तू वाच. आमच्याकडं ‘संतति’ आहे, पण तिसऱ्या खंडाची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेलीत. कोण ते मला माहीत आहे, पण म्हातारे आहेत, काय बोलायचं.

पांदणीवरचा

एक सांगायचं राहिलं. परवा रात्री लाइन नव्हती, म्हणून आईला पुस्तक वाचून दाखवायला घेतलं. अर्धं हिंदीत, अर्धं आपल्या वऱ्हाडीत. ऐयारीचं, बटुव्याचं तिनं मन लावून ऐकलं. लखलखा काय असते ते दोनदा विचारलं. ‘कांदा हुंगवतो तसंच ना,’ म्हणाली. मला वाटलं, जिंकलो.

मग क्रूरसिंह आला. मी वाचत गेलो. तिनं मधेच थांबवलं. ‘यक्कू काहून म्हनत नाही हा?’

म्हटलं, आई, पुस्तकात नाही ते.

‘मंग तू म्हन.’

टेंभरुन

म्हटलं का मंग?

पांदणीवरचा

म्हटलं. जिथं जिथं आला तिथं.

झाडीचा नट

भुवयांसकट?

पांदणीवरचा

कंदिलात दिसत नव्हत्या, पण हो.