माशेलच्या खोपीतली फियाट ११००: बॉडी नेमकी कुणाची?

खोपीतली_फियाट (माशेल)

नमस्कार मंडळी. गाडी माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबांना जाऊन बारा वर्षं झाली आणि गाडी त्याच्याही कितीतरी आधीपासून घरामागच्या खोपीत उभी आहे. वर पत्रा, बाजूंना विणलेली चुडतं, मागच्या सीटवर सुपारीची पोती. गेल्या महिन्यात बाहेरगावचा एक दलाल येऊन बघून गेला. म्हणाला, “फियाट खरी, पण बॉडी बेळगावात कुणीतरी ठोकलेली आहे. भंगाराच्या वर चार पैसे देतो.” त्याच संध्याकाळी मुंबईच्या चुलतभावाचा फोन: “पिनिन फारिना आहे ती, एक कोटीच्या खाली बोलू नकोस!” (पिनिन फारिना म्हणजे दुसऱ्यांच्या चासीवर, म्हणजे खालच्या चौकटीवर, बॉडी बांधून देणारं इटलीतलं नामवंत घर.) मला विकायची घाई नाही. पण आबांची गाडी भंगार की कोटी, हे मला त्या दोघांच्या तोंडून ऐकायचं नाही.

आता जे दिसतं ते सांगतो. दोन दारांची, लांब नाकाची, छप्पर मागे घसरगुंडीसारखं उतरत गेलेलं. दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागे. स्टिअरिंग डावीकडे, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. डिकीत एक स्टेपनी आणि उंदरांचा संसार. घड्याळांवर व्हेलिया, डायनामोवर मान्येती मारेल्ली, दिव्यांवर कारेल्लो. बॉनेट आणि डिकीच्या झाकणाला चुंबक चिकटत नाही, बाकी सगळीकडे चिकटतं.

पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, दाराच्या जरा पुढे, खाली, दोन-दोन भोकं आहेत. तिथे नावाची पट्टी होती. आबांनी एकदा रंगाला गाडी दिली, गॅरेजवाल्याने पट्ट्या काढून “डब्यात ठेवल्यात” म्हणून सांगितलं, आणि तो डबा पुन्हा कुणाला दिसला नाही. घरी आहे ते फक्त पोर्तुगीज काळातलं लिव्रेत, म्हणजे गाडीचं नोंदणी पुस्तक. त्यात ‘मार्का फियाट, मोदेलो ११००, कायशा फेशादा’. तारखेची जागा वाळवीने खाल्ली. गोवा मुक्तीनंतर ‘जीडी’ने सुरू होणारा नंबर पडला तेव्हाच्या कागदातही नुसतं फियाट. आणि कायशा म्हणजे गिअरबॉक्सच ना? बंद गिअरबॉक्स ही काय भानगड आहे?

आबा एक वाक्य नेहमी म्हणायचे: “ही शर्यतवाल्या फारिनाच्या घरची.” आम्ही हसायचो, कारण आबांच्या लेखी त्यांचं घड्याळही पोर्तुगालच्या हुकूमशहा साळाझारच्या घरचं होतं.

वेगवेडा (म्हापसा)

फारिना म्हटल्यावर विषय संपला भाऊ. पिनिन फारिनाच. १९५० मध्ये त्यांनी फियाट ११०० वर ईएस नावाची कूपे, म्हणजे दोन दारांची बंद गाडी, काढली होती, हुबेहूब अशीच उतरत्या छपराची. आधी मस्त लाल रंग मारून घ्या, मग बघा गिऱ्हाईक कसं येतं.

पान्यावाला (फोंडा)

लाल रंग मारू नका. कुठलाच रंग मारू नका. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

मी पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. फियाट मी आंधळेपणी उघडून बसवली असेल, पण इटालियन बॉडीतलं मला फार कळतं असं नाही. मात्र बॉडी कुणाची हे विचारण्याआधी ती कशावर बसली आहे ते बघा. ११०० नावाच्या गाड्या दोन जातींच्या. जुनी जात १९३७ पासूनची, तिला खाली वेगळी चासी असते. नवी जात १९५३ ची, १०३ म्हणतात ती, जिला आपण डुक्कर फियाट म्हणायचो. तिला वेगळी चासी नाही, पेटीच सगळं वजन घेते. उलट्या दारांवर जाऊ नका, डुक्कर फियाटची पुढची दारंही उलटीच होती.

टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मापा, दोन्ही बाजूंनी, चाकं सरळ ठेवून. २३४ सेंटीमीटर आलं तर डुक्कर. २४२ आलं तर जुनी. इंजिनावरून काही ठरवू नका. १९३७ चं इंजिन काय आणि पद्मिनीचं काय, बोअर ६८, स्ट्रोक ७५, १०८९ सीसी. आमच्याकडे जुनं इंजिन बसलं की लोक सरळ पद्मिनीचं टाकून घ्यायचे. मी स्वतः टाकून दिलीत, आता वाईट वाटतं.

आणि बाबा, कायशा म्हणजे इथे गिअरबॉक्स नव्हे. कायशा फेशादा म्हणजे बंद बॉडी, छप्पर असलेली. उघडी असती तर आबेर्ता लिहिलं असतं.

खोपीतली_फियाट (माशेल)

मेस्त, आज सुट्टी होती, पोती काढून माप घेतलं. उजवीकडे २४२, डावीकडे २४१ आणि थोडं. टायर बसलेत, त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरची चूक माझी धरा. खाली वाकून पाहिलं तर बॉडीच्या खाली लोखंडाची वेगळी चौकट स्पष्ट दिसते. म्हणजे जुनी जात.

उजव्या दाराचं आतलं रेक्झिन आधीच लोंबत होतं, ते हळूच बाजूला केलं. आत लाकडाचा सांगाडा आहे. दलाल ‘बेळगाव’ म्हणाला तो हे लाकूड बघूनच की काय, असा संशय येऊन पोटात गोळा आला. लाकडावर निळ्या पेन्सिलीने ‘२७ डीएक्स’ असं लिहिलंय. हे डिलक्स असावं का? आपल्याकडे बस डिलक्स असते तशी?

तुरीनवेडी (पुणे)

डिलक्स नव्हे हो! डीएक्स म्हणजे देस्त्रा, इटालियनमध्ये उजवा. तुम्ही उजवंच दार उघडलंत ना? आता डाव्याचं रेक्झिन उचका. तिथे एसएक्स असायला हवं, सिनिस्त्रा. पोर्तुगीज कारागिराने उजव्याला दिरेता आणि डाव्याला एस्केर्दा म्हटलं असतं, आणि बेळगावच्या सुताराने काय लिहिलं असतं ते मी सांगायला नको. २७ हा बहुधा त्या बॉडीचा कामाचा नंबर. एकेक बॉडी हातानं ठोकून बसवत, या गाडीचं दार त्या गाडीला लागत नसे, म्हणून सुट्या भागांवर नंबर टाकत. बॉनेटच्या बिजागरीवर, सीटच्या चौकटीवर, डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तोच २७ शोधा.

लाकडाने घाबरू नका. तेव्हा इटलीत तुरीनमध्येही पुष्कळ ठिकाणी पत्र्याखाली लाकूड असे. उलट लाकडामुळे एक नाव यादीतून जातं: बॉडी बांधणारी मिलानची तूरिंग. त्यांच्या सुपरलेजेरा पद्धतीत, पेटंट १९३६ चं, बारीक पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. व्हेलिया, मारेल्ली, कारेल्लो हे सगळ्यांना माल पुरवणारे, त्यांच्यावरून बॉडीवाला कळत नाही. दारांच्या मुठींचंही तेच, एकच मूठ चार घरांच्या गाड्यांवर सापडते.

गिअर स्टिअरिंगवर आणि स्टेपनी डिकीत, म्हणजे ११०० ई असणार. ती १९४९ ते १९५३. आता आबांच्या वाक्याकडे येते, आणि मला वाटतं तुम्ही सगळे त्यांना उगाच हसलात.

फारिना दोन होते. थोरला जोव्हान्नी, त्याने १९०६ मध्ये तुरीनला स्ताबिलिमेंती फारिना काढली. धाकटा बात्तिस्ता, घरात लाडाने पिनिन, म्हणजे धाकलं. तो भावाच्याच कारखान्यात घडला आणि १९३० मध्ये वेगळा झाला. आज जगाला धाकल्याचंच नाव ठाऊक आहे, कारण थोरल्याचा कारखाना १९५३ मध्ये बंद पडला. व्हिन्याले आणि मिकेलोत्ती ही बॉडीच्या धंद्यातली मोठी माणसं तरुणपणी थोरल्याच्याच हाताखाली होती. आणि शर्यतवाला फारिना म्हणजे नीनो, १९५० चा फॉर्म्युला वनचा पहिला जगज्जेता. तो जोव्हान्नीचा मुलगा. त्यामुळे ‘शर्यतवाल्याच्या घरची’ हे शब्दशः घेतलं तर गाडी थोरल्याची होते, पिनिनची नव्हे!

वेगवेडा (म्हापसा)

पण पिनिन हा नीनोचा काकाच की. काकाचं घर ते घर नव्हे का? गोव्यात तर काकाचं, बापाचं आणि शेजाऱ्याचं भाट कोर्टात जाईपर्यंत एकच असतं.

तुरीनवेडी (पुणे)

हे मात्र खरं, मान्य. आबांच्या वाक्याला मी पुरावा म्हणत नाही, दिशा म्हणते. तुमची ईएससुद्धा त्याच ११०० ई घराण्यातली, त्यामुळे तीही यादीत राहते. फक्त एवढंच की फारिना ऐकलं म्हणून पिनिन म्हणायचं नाही.

खोपीतली_फियाट (माशेल)

डाव्या दारात एसएक्स आहे! ‘२७ एसएक्स’, त्याच निळ्या पेन्सिलीने, त्याच वळणाने. सातच्या पोटाला आडवी रेघ, आमचे जुने मास्तर काढायचे तशी. बॉनेटच्या डाव्या बिजागरीवर ठोकलेला २७ आहे, उजव्या बिजागरीवर गंजाने काही उरलेलं नाही. सीटच्या चौकटीवर २१ सापडला, म्हणजे सीट दुसऱ्या गाडीची आहे की माझे डोळे गेले, देव जाणे.

पट्टीच्या भोकांचं सांगतो. दोन भोकांमध्ये १४ सेंटीमीटर. वरच्या रंगाचा पोपडा निघाला आहे तिथे खालच्या राखाडी रंगावर अंधुक सावली आहे, आडवी, लांबट. ढाल किंवा मुकुट नाही, एवढं नक्की. अक्षरं मात्र लागत नाहीत.

डावं स्टिअरिंग बघून आई म्हणाली की गाडी लिस्बनहून आलेल्या एका अधिकाऱ्याकडून आबांनी घेतली होती, तो परत जाताना. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. विचारलं कुणी नव्हतं, म्हणून सांगितलं नाही म्हणे.

तुरीनवेडी (पुणे)

आईंना अजून विचारा, रोज थोडं थोडं. डाव्या स्टिअरिंगशी त्यांचं म्हणणं जुळतंय. पोर्तुगाल १९२८ मध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूला गेला, गोवा डावीकडेच राहिला. गोव्यासाठी म्हणून नवी मागवली असती तर बहुतेक उजवं स्टिअरिंग मागितलं असतं.

मुकुट नाही, तेव्हा पिनिनचं एफ आणि मुकुटाचं चिन्ह तरी त्या जागी नव्हतं. पण त्याच्या नावाची अक्षरी पट्टीही असे, म्हणून दार अजून बंद करू नका. त्या सावलीचा फोटो संध्याकाळी घ्या, बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून, तिरपी. मग चासीचा नंबर, दोन्ही दारांचं लाकूड आणि बिजागरी यांचे फोटो तुरीनला पाठवा. तिथे फियाटचं चेंत्रो स्तोरिको, म्हणजे जुन्या इतिहासाचं केंद्र, आहे, व्हिया कियाब्रेरावर, आणि मोटारींच्या राष्ट्रीय संग्रहालयातही कागदपत्रांचा वेगळा विभाग आहे. गाडी कारखान्यातून पूर्ण निघाली की नुसती चासी म्हणून, एवढं जरी चासी नंबरावरून कळलं तरी दलालाचं तोंड बंद होईल. थोरल्या फारिनाच्या आणि पिनिनच्या, दोघांच्याही नोंदींत २७ नंबर लागतो का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. दोघांपैकी एकाचंच नाव तुम्ही आधी सुचवू नका.

पान्यावाला (फोंडा)

ते तुरीनला जाऊ दे टपाल. इथे पाऊस दारात आलाय. जिथे ॲल्युमिनियम लोखंडाला टेकतं तिथे आपली खारी हवा दोन्ही खाते, बॉनेटच्या कडा बघा, पांढरी भुकटी दिसेल. खोपीची जमीन मातीची असेल तर आठवड्याच्या आत गाडी दगडांवर उचला, खाली प्लास्टिक नको, ओल कोंडते. पोती परत आत ठेवू नका. आणि ते लोंबणारं रेक्झिन फेकू नका, त्याच्या पाठीमागेही बघा, तिथेही कधी कधी लिहिलेलं असतं.

खोपीतली_फियाट (माशेल)

मेस्त, रेक्झिन फेकणारच होतो. थांबलो. रविवारी चिरे आणून गाडी उचलतो, तुम्ही येणार असाल तर माशेलच्या तिठ्यावर घ्यायला येतो. पाठीमागे काय निघालं ते इथे टाकतो.