टीम १२ वरून ४० वर गेली, पगाराचा घोळ कसा निस्तरायचा?

पिक्सेलपंत: आमच्या गेम बनवणाऱ्या स्टुडिओत १२ जण होते तोवर पगार तोंडी ठरायचे. आता ४० आहेत. नवे प्रोग्रामर बाजारभावाने घ्यावे लागले, त्यामुळे पहिल्यापासूनचे लोक त्यांच्यापेक्षा कमी पगारावर राहिलेत. गेमच्या विक्रीतला वाटा देऊन हा फरक भरून निघेल का? शिवाय लीड (प्रत्येक गटाचे प्रमुख) नेमल्यापासून ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ ही कुरकुर सुरू आहे.

हिशेबी: वाट्याने नाही. गेम पडला की वाटा शून्य, फरक तिथेच. प्रत्येक कामाच्या तीन-चार पातळ्या करा आणि प्रत्येकीचा किमान-कमाल पगार लिहून काढा. जुन्यांपैकी जो किमानाखाली असेल त्याला वार्षिक वाढीची वाट न बघता किमानावर आणा. सरसकट १० टक्के वाढ देऊ नका, ती जास्त पगारवाल्यालाच जास्त देते.

लूटबॉक्स: वाटा वेगळा द्यायचाच असेल तर ‘कशातला’ ते लिहा, भांडणं तिथेच होतात. रिफंड वजा जाऊन उरलेल्या १०० च्या विक्रीतले ३० स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन स्टोअर घेतं (एका गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर २५, ५ कोटींच्या वर २०). गेम बनवायला अनरियल हे इंजिन वापरत असाल तर त्यांना १० लाख डॉलरच्या पुढच्या विक्रीवर ५ टक्के, आणि तेही स्टोअरचा कट वजा न करता. उरले ६५. त्यातून कर आणि पब्लिशरने आधी दिलेल्या पैशांची (अ‍ॅडव्हान्स) वसुली. नुसतं ‘नफ्यातला वाटा’ लिहिलं, तर ही वसुली संपेपर्यंत कुणाला छदाम मिळत नाही. रिलीजआधी सोडून गेलेल्यांना कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात द्यायचं का, क्यूए (गेम तपासून चुका शोधणारे) धरायचे का, हेही आधीच ठरवा.

बगमास्तर: उत्तम प्रोग्रामरला लीड केलं आणि त्याचं कोडिंग निम्म्यावर आणलं नाही, तर कोड आणि माणसं दोन्ही बोंबलतात. पगारवाढीसाठी लीड होणं हा एकच रस्ता ठेवू नका. माणसं न सांभाळताही वरची पातळी गाठता आली पाहिजे. मजा गेली म्हणजे बहुधा निर्णय कोण घेतंय ते कळेनासं झालंय. दर आठवड्याला सगळ्यांनी बिल्ड (गेमची त्या वेळची चालती आवृत्ती) खेळा, आणि फीचर कापलं तर कुणी, का, हे दोन ओळींत सगळ्यांना दिसेल असं लिहा. क्रंचच्या (रिलीजआधीच्या जादा तासांच्या) बदली सुट्टीचाही नियम करा: रिलीजनंतर ठरावीक मुदतीत घ्यायचीच, नाहीतर ती कायम पुढे ढकलली जाते.

पिक्सेलपंत: पगाराचे आकडे सगळ्यांना दाखवायचे का?

हिशेबी: पातळ्यांचे दाखवा, माणसांचे नको. पण दुरुस्ती आधी. उलटं केलंत तर किमानाखालचा माणूस यादीत स्वतःला शोधेल आणि त्याच संध्याकाळी सीव्ही काढेल.