पिवळी केळी स्क्रीनवर हिरवी का दिसतात? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-२०४ वहिनी: ग्रुपवर कोणाला कॉम्प्युटरचं कळतं का? सकाळपासून मॉनिटरचे रंग बिघडलेत. पांढरं पान निळसर-हिरवं दिसतंय, लाल अक्षरं काळी पडलीत. रावेरच्या व्यापाऱ्याचं केळीच्या खोक्याचं लेबल आज संध्याकाळी छपाईला द्यायचंय आणि स्क्रीनवर पिकलेली केळी हिरवीगार! दुकानात फोन केला तर म्हणे पॅनल (आतला पडदा) गेलं, नवीनच घ्या.

बी-१०३ काका: जुना असेल तर घेऊनच टाका. दुरुस्तीत तेवढेच पैसे जातात.

ए-१०२ नाना: न पाहताच पॅनल गयं म्हने? आसं कसं?

सी-३०१ दादा: वहिनी, थांबा. नवीन घेऊ नका. मी भुसावळला ड्यूटीवर आहे, रात्रीशिवाय येणं होणार नाही, पण इथूनच बघू. तुम्ही जे लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे. स्क्रीनवरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून बनतो. तिन्ही मिळाले की पांढरा. लाल आणि हिरवा मिळाले की पिवळा. आता त्यातला लाल काढा: पांढऱ्याचा निळसर-हिरवा होतो, लालाचा काळा होतो आणि पिवळी केळी हिरवी होते. तुमचं तंतोतंत हेच झालंय. म्हणजे लाल रंग वाटेत कुठेतरी अडलाय. तो कुठे अडलाय एवढंच शोधायचंय.

सी-३०१ दादा: पहिलं काम. लेबलचा स्क्रीनशॉट घेऊन ग्रुपवर टाका. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढू नका, कॉम्प्युटरमधूनच स्क्रीनशॉट घ्या.

बी-२०४ वहिनी: 📷 फोटो

ए-४०४ ताई: वहिनी, माझ्या फोनवर तर केळी छान पिवळी दिसतायत!

ए-१०२ नाना: माले बी पिवळीच दिखतस.

सी-३०१ दादा: म्हणजे कॉम्प्युटर चित्र बरोबर बनवतोय. तुमची फाईल, सॉफ्टवेअर सगळं ठीक आहे. बिघाड त्याच्या पुढे आहे: कॉम्प्युटरच्या मागचं पोर्ट (केबल घालायचं भोक), केबल किंवा मॉनिटर. आता मॉनिटरचं मेनूचं बटण दाबा. ब्राइटनेस वगैरे ज्यात असतं तो चौकोन येईल. त्यातला पांढरा आणि लाल रंग कसा दिसतो?

सचिव: सर्वांना सूचना, आज पाणी संध्याकाळी ७ वाजता सुटेल. टाकीचा व्हॉल्व्ह कोणी फिरवू नये.

बी-२०४ वहिनी: मेनूतली अक्षरं पांढरीशुभ्र आहेत. लाल चौकोनही लालच आहे. मागचं पान मात्र तसंच हिरवट.

सी-३०१ दादा: मग पॅनल गेलेलं नाही! तो मेनू मॉनिटर स्वतः आतल्या आत काढतो, त्याला केबलमधून यावं लागत नाही. तो लाल दाखवतोय म्हणजे पॅनलमध्ये लाल जिवंत आहे. तुमची केबल निळ्या टोकाची आहे का, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली?

बी-२०४ वहिनी: हो, तीच.

सी-३०१ दादा: ती व्हीजीए. १९८७ पासून चालत आलेली जुनी जोडणी आहे, पण आपल्याकडे जुन्या कॉम्प्युटरांना अजून दिसते. हिच्यात तीन रंग तीन वेगळ्या तारांनी जातात, म्हणून एकच रंग गायब होऊ शकतो. लाल गेला तर पांढरं निळसर-हिरवं दिसतं, हिरवा गेला तर जांभळट-गुलाबी, निळा गेला तर पिवळं. कोणाकडे असं झालं तर पांढऱ्या पानाकडे बघा, कोणती तार तुटली ते कळेल.

वहिनी, आता कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही बंद करा, बोर्डावरची बटणंही बंद. स्क्रू ढिले करून केबल दोन्हीकडून काढा आणि टोकाचा फोटो टाका. ओढताना तारेला धरू नका, केबलच्या टोकाच्या डोक्याला धरा.

बी-२०४ वहिनी: 📷 फोटो
मधल्या ओळीत एक पिन नाहीच! ती तुटली का?

सी-३०१ दादा: ती नसली तरी चालते. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींमध्ये कंपनीच देत नाही, तिचा रंगाशी संबंध नाही. तुम्ही वरच्या ओळीत डावीकडून पहिली बघा. रुंद बाजू वर धरून, पिना आपल्याकडे करून. ती १ नंबर, लाल रंगाची. दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची.

बी-२०४ वहिनी: अगं बाई! ती पूर्ण आडवी पडलीय. काल संध्याकाळी टेबल सरकवला होता, तेव्हा केबल ताणली गेली असेल. स्क्रूही लावलेले नव्हते.

सी-३०१ दादा: तेच कारण. शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलचं पोकळ टोक त्या पिनेवर चढवा आणि हळूहळू सरळ करा. एकदाच सरळ करायची. वर-खाली वाकवत बसलात तर मोडेल. मग केबल सरळ आत घाला, जोर लावू नका, आणि दोन्ही स्क्रू आवळा.

बी-१०३ काका: आमच्या जुन्या डब्बा टीव्हीला कोपऱ्यात जांभळे डाग यायचे. स्पीकर लांब ठेवला की जायचे. इथे तसं काही नाही ना?

सी-३०१ दादा: नाही काका. त्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत असायचा, तो चुंबकाने वळायचा, म्हणून डाग पडत. पातळ एलसीडीत तो झोतच नाही.

बी-२०४ वहिनी: आलं! पांढरं पांढरं झालं. पण केबलला हात लागला की परत हिरवट झाक येतेय.

सी-३०१ दादा: पिन अशक्त झालीय, तिच्यावर भरवसा नको. तुमच्या कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला एचडीएमआयचं भोक आहे का? टीव्हीची केबल काढून लावून बघा. नसेल तर गोलाणी मार्केटला जाऊन नवी व्हीजीए केबल घ्या, मॉनिटरच्या किमतीपुढे ती काहीच नाही.

बी-२०४ वहिनी: एचडीएमआय लावली. रंग सगळे आले, पण काळा रंग राखाडी वाटतोय. सगळंच फिकट, धुतल्यासारखं.

सी-३०१ दादा: घाबरू नका, त्याचंही कारण आहे. कॉम्प्युटर रंगाच्या पायऱ्या ० ते २५५ मोजतो, टीव्हीच्या पद्धतीत १६ ते २३५ मोजतात. एचडीएमआय लावली की कधीकधी ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधला चित्र पाठवणारा भाग) समोरच्याला टीव्ही समजतं आणि १६ पासून पाठवतं. मॉनिटर मात्र ० ला काळा मानतो, म्हणून १६ त्याला राखाडी दिसतो. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज शोधा, तिथे लिमिटेड असेल ते फुल करा.

बी-२०४ वहिनी: झालं दादा! आता केळी आपल्या रावेरच्या केळीसारखी दिसतायत. खूप आभार.

सी-३०१ दादा: छपाईआधी एकच करा. स्क्रीनचे रंग प्रकाशाचे, छपाईचे शाईचे: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर तसा येत नाही. छापखान्यात एक नमुना काढून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. व्यापारी खोकं उजेडातच बघणार आहे.

ए-४०४ ताई: माझ्या लॅपटॉपवर संध्याकाळ झाली की सगळं पिवळट होतं. सकाळी आपोआप नीट. ही पण केबल?

सी-३०१ दादा: नाही ताई, तो नाईट लाईट, संध्याकाळी स्क्रीन आपोआप पिवळट करणारी सोय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बंद करता येतो. एक लक्षात ठेवा, नाईट लाईटचा पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. म्हणून स्क्रीनशॉट चांगला दिसला तरी केबल काढण्याआधी तो बंद आहे का ते बघायचं.

ए-१०२ नाना: मना नातूनी स्क्रीन बठ्ठी काळीपांढरी दिखस. तेनी बी वायर खराब शे का?

सी-३०१ दादा: नाही नाना, तारेने सगळी स्क्रीन अशी सहसा होत नाही. कलर फिल्टर, म्हणजे सगळ्या स्क्रीनचे रंग बदलणारी विंडोजची सोय, चालू झाला असेल. विंडोजचं बटण, कंट्रोल आणि सी ही तिन्ही एकदम दाबायला सांगा.

ए-१०२ नाना: व्हयनं! बठ्ठा रंग उनात. जीवे पोऱ्या.

बी-१०३ काका: दादा, आता माझंही सांगतो. माझा मॉनिटर सकाळी ठीक असतो, दुपारी तीननंतर एका बाजूला गुलाबी झाक येते. पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलाय.

सी-३०१ दादा: काका, वेळ ठरलेली असेल तर उष्णतेचा संशय घ्यायचा. बहुतेक मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळला पारा ४५ वर जातो. त्यात खिडकीचं ऊन थेट पाठीवर. आधी तो खिडकीपासून हलवा, मागच्या जाळीतली धूळ मशीन बंद करून कोरड्या ब्रशने काढा. दोन-तीन दुपारी बघा. तरीही झाक आली तर तेव्हाच मेनू उघडून फोटो टाका. मेनूवरही गुलाबी पसरलं असेल तर बिघाड मॉनिटरच्या आत आहे, मग केबलवर पैसे घालू नका.