रंगीत देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेघेच्या जोडावर डाग दिसतो

प्रश्न
नमस्कार. सोलापुरात सात रस्ता परिसरात माझे फलक आणि लग्नपत्रिका करण्याचे छोटे काम आहे. सोलापुरी चादरीच्या नक्षीवरून सुचलेला तीन रंगांचा देवनागरी फॉन्ट मी तयार करत आहे: अक्षर मरून, त्याच्या पोटात पिवळी रेघ आणि डावीकडे खाली पडणारी निळी सावली. एकेक अक्षर मनासारखे दिसते. परंतु इलस्ट्रेटर या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिद्धेश्वर’ असा पूर्ण शब्द लिहिला की प्रत्येक जोडापाशी पिवळी रेघ तुटते आणि मागच्या अक्षराच्या दांड्यावर निळा डाग पडतो. तोच फॉन्ट क्रोममध्ये उघडला तर सगळी अक्षरे काळी येतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपूर्वी, म्हणजे जानेवारीच्या आत, काम हातावेगळे करायचे आहे. चूक रेखाटनात आहे की फॉन्टच्या बांधणीत?

उत्तर १
या दोन वेगळ्या अडचणी आहेत. क्रोमची अडचण सोपी आहे. आपण फॉन्टमध्ये रंग एसव्हीजी तक्त्यात (तक्ता म्हणजे फॉन्टच्या फाइलमधील माहितीचा एक भाग) भरले असावेत. हा प्रकार इलस्ट्रेटर, फोटोशॉप, फायरफॉक्स आणि सफारी वाचतात. क्रोम तो वाचत नाही आणि फॉन्टमधली साधी बाह्यरेषा, म्हणजे अक्षराचा एकरंगी आकार, काळ्या रंगात दाखवतो. क्रोमसाठी सीओएलआर आणि सीपीएएल हे तक्ते लागतात. पहिल्यात कोणत्या ग्लिफवर (फॉन्टमधील अक्षराच्या किंवा चिन्हाच्या एका आकारावर) कोणते थर चढवायचे ते असते आणि दुसऱ्यात रंगांची यादी असते. सपाट रंगांसाठी सीओएलआरची मूळ आवृत्ती पुरेशी आहे. रंगछटांचा उतार हवा असेल तरच 2021 मध्ये आलेली पुढची आवृत्ती घ्यावी, जी क्रोम 98 पासून वाचतो. एसव्हीजी आणि सीओएलआर हे दोन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये ठेवता येतात. साधी बाह्यरेषा मात्र हयगय न करता काढावी, कारण रंग न वाचणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वाचकाला तीच दिसणार आहे.

उत्तर २
डागाचे कारण रंगवण्याच्या क्रमात आहे. सॉफ्टवेअर आधी सर्व अक्षरांची सावली आणि मग सर्व अक्षरांचा मरून भाग असे रंगवत नाही. ते एका ग्लिफचे तिन्ही थर पूर्ण करून मगच पुढच्या ग्लिफकडे जाते. रोमन अक्षरे सुटी असल्यामुळे तेथे हे सहसा जाणवत नाही. आपल्याकडे शिरोरेघ सलग दिसावी म्हणून शेजारची अक्षरे मुद्दाम एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, त्यामुळे ‘श्व’ची डावीकडे पडणारी सावली आधीच रंगवून झालेल्या ‘द्धे’वर जाऊन बसते. सावली उजवीकडे खाली वळवा. म्हणजे पुढचे अक्षर मागच्याची सावली आपोआप झाकेल. पिवळी रेघ शिरोरेघेत दोन्ही टोकांपर्यंत न्यावी किंवा तेथून पूर्ण काढावी. माझ्या मते काढलेलीच बरी, कारण लहान आकारात ती शिरोरेघ पोखरल्यासारखी दिसते.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. सावली उजवीकडे वळवली आणि वेलांटीसह सगळे जोड स्वच्छ झाले. फक्त ‘द्धे’वरच्या मात्रेची सावली शिरोरेघेवर अजून पडते.

उत्तर २
मात्रा आणि रफार व्यंजनानंतर रंगवले जातात, म्हणून त्यांची सावली खालच्या शिरोरेघेवर येणारच. या चिन्हांच्या सावलीचा शिरोरेघेला भिडणारा भाग छाटून टाका. जोडाक्षरांचे थर एकेक करून तपासण्याला पर्याय नाही. 700 ग्लिफच्या फॉन्टला तीन थरांचे आणखी 2,100 ग्लिफ लागू शकतात, हे वेळ ठरवताना लक्षात असू द्यावे.

उत्तर ३
मी स्क्रीन प्रिंटिंग करतो, म्हणून छपाईबद्दल सांगतो. फलकासाठी रंगीत फॉन्टवर अवलंबून राहू नका. सावली, अक्षर आणि रेघ असे तीन एकरंगी फॉन्ट करा. तिन्हींत ग्लिफची रुंदी, कर्निंग (अक्षरजोड्यांमधील अंतर) आणि जोडाक्षरांचे नियम तंतोतंत सारखे ठेवा आणि तोच मजकूर तीन थरांत एकावर एक बसवा. संपूर्ण ओळीची सावली आधी येत असल्याने जोडावर डाग पडण्याचा प्रश्नच उरत नाही, ओळीला हवे ते रंग देता येतात आणि देवनागरी युनिकोड नीट जुळवणाऱ्या कोणत्याही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालते. इलस्ट्रेटरमध्ये काम करताना वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू असल्याची खात्री करा, नाहीतर वेलांटी चुकीच्या जागी जाते. छापखान्यात फाइल देण्यापूर्वी मजकुराच्या बाह्यरेषा करून घ्या, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर करा, आणि मूळ फाइल स्वतःजवळ ठेवा.